भास्करचा बाजारातला वर्ग

भास्कर गुरुजी गेल्याची बातमी मोखाड्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने आणली. माझी बायको सुमती नाचणी पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि दिवसभर जेवली नाही... माझी आई गेली तेव्हा संध्याकाळी तिने दोन घास खाल्ले होते. तीन आठवडे झाले, तरी हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचं संस्थान भारतात विलीन झालं, त्यानंतर काही वर्षांनी भास्कर आणि मी मोखाड्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. सातवीची फायनल पास झालं की मास्तरकी मिळायची. पण घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांना पुस्तकातले शब्द परके. मी समानार्थी शब्द घोकून घ्यायचो: अग्नी, अनल, पावक. भास्कर आठवडी बाजाराच्या दिवशी प्रत्येकाला एक शब्द द्यायचा आणि म्हणायचा, "जा, या शब्दाचा माणूस शोधून या." कंजूष, उतावीळ, लबाड... माणूस हेरून पोरं आली की विचारायचा, "कशावरून?" कारण पटलं नाही तर परत पिटाळायचा. लोक हसायचे. पोरं मात्र पास व्हायची आणि माझा वर्ग सोडून त्याच्याकडे जायची. मला ते सोसायचं नाही, आजही सोसत नाही. त्याच्यासारखा मास्तर पुन्हा होणे नाही, हे लिहितानाही हात जड होतो.

सुमती साखरशेतची. तिला फायनलला बसवायचं मीच ठरवलं, मीच शिकवलं, आणि ती नापास झाली. "वहिनी, बाजारात या," भास्कर म्हणाला. घरात माझ्यापुढे न उघडणारं तिचं तोंड तिथे भराभर चालायचं. तो मान तिरकी करून ऐकायचा. मी लांबून बघायचो. पुढच्या खेपेला ती पास झाली, मास्तरीण झाली, आणि श्रेय गेलं त्याला.

हा लेखही वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी आधी तिच्याकडेच मागितला होता. "मला नाय जमायचं, तुमीच लिहा," म्हणाली. म्हणून परवा तिला विचारलं, भास्करने तुला कुठला शब्द दिला होता?

"मत्सर."

"मग, सापडला माणूस?"

"तुमीच की."

"कशावरून?"

"दर बाजाराला माझ्या मागं यायचात, आन् हातात पिशवी नाय."

"तो काय म्हणाला?"

"हसले नाय गुरुजी. बरोबर आहे म्हणाले."

लग्नाला इतकी वर्षं झाली. बाजाराच्या दिवशी मी निघालो की सुमती न चुकता पिशवी माझ्या हातात देते. मला ती माया वाटत होती.