आधी चादरीवर, मग पेटीत

तीन माणसं एका खोलीत पाच-सहा वर्षं बसली की उष्ट्या कपांइतकेच किस्से साठतात. कप निदान कुणीतरी विसळतं. किस्से तसेच पडून राहतात, आणि गणपतीत चार माणसं जमली की फर्माईश सुरू होते, "तो नंदूचा सांग ना!" म्हणून एकदाचे लिहूनच काढते. नंदूची परवानगी घेतलेली नाही. घेणारही नाही.

गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. रत्नागिरीत एका शिंप्याच्या दुकानावर आमची खोली होती. मी, नंदू घाणेकर आणि इम्तियाज मुकादम. गावोगावच्या वाचनालयांसाठी आम्ही लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीवर चालणारा मराठी प्रोग्राम केला होता. पुस्तक कुणी नेलं, कधी आणलं, सभासद कोण, सगळं त्यात. प्रोग्राम उत्तम होता, कारण तो मी लिहिला होता! गावोगाव जाऊन तो शिकवणं इम्तियाजकडे. आणि त्याचं पॅकेज बांधणं नंदूकडे. पॅकेज म्हणजे एकच फाइल. ती समोरच्या मशीनवर सोडली की आतल्या सगळ्या फायली आपापल्या जागी जाऊन बसतात. बसायला हव्यात, असं म्हणू.

*

पहिलं पॅकेज सीडीवर घालून आंजर्ल्याकडच्या एका वाचनालयाला पाठवलं. दोन दिवसांनी तिथल्या ग्रंथपाल बाईंचा फोन. "अहो, काय स्पीड आहे तुमचा! बटण दाबलं नि झालं पण इन्स्टॉल!"

नंदू दिवसभर कॉलर ताठ करून फिरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "झालं खरं इन्स्टॉल. पण आता ते उघडायचं कुठून?"

पॅकेज उघडून बघितलं तर आत नुसती फोल्डरं. एकात एक, नावं अचूक, आणि सगळी रिकामी! त्याचं असं असतं, की पॅकेज बांधताना फायली आधी एका तात्पुरत्या फोल्डरात इन्स्टॉल करायच्या आणि तिथलं सगळं पॅकेजमध्ये भरायचं. इन्स्टॉल करताना नंदू त्या फोल्डरचा पत्ता द्यायलाच विसरला. त्यामुळे फायली आमच्याच मशीनवर जाऊन ऐसपैस बसल्या होत्या.

"पण आपल्याकडे चालतंय ना!" नंदू म्हणाला.

"चालणारच," इम्तियाज म्हणाला. "सामान आपल्या घरात लावलंस आणि बाईंना रिकामी कपाटं पाठवलीस."

*

इम्तियाजचे अब्बा जहाजावर स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावरही मोहल्ल्यातलं कुणी आखातात निघालं की पेटी भरायला अब्बांनाच बोलावणं यायचं. त्यांची पद्धत ठरलेली. रिकाम्या खोलीत चादर पसरायची. न्यायचं ते सगळं आधी चादरीवर मांडायचं, मांडलेल्याची यादी करायची, आणि मग चादरीवरचं तेवढंच पेटीत. मध्येच कुणी "ही लोणच्याची बरणी पण" म्हणत आलं, तर आधी चादरीवर!

एकदा ते इम्तियाजचा डबा द्यायला आले, तेव्हा नंदू पॅकेज बांधायचं मॅन्युअल चौथ्यांदा वाचत होता. मी त्यांना आमची अडचण सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चादर पसरलाव नाय," ते म्हणाले. "सामान आपल्याच फडताळात लावत बसलाव. मग पेटीत जाईल काय?"

इंग्रजी मॅन्युअलची चाळीस पानं दोन वाक्यांत! नंदूनं त्याच दिवशी तात्पुरत्या फोल्डरला 'चादर' असं नाव दिलं.

पण अब्बांना आमचं कौतुक तेवढ्यापुरतंच. कुवेतला इम्तियाजच्या मामांनी त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. अब्बांनी मुलाला मुदत दिली होती: पावसाळ्याआधी जिल्ह्यातल्या वाचनालयांची समिती आमचा प्रोग्राम बघणार आहे. तिनं घेतला तर राहा, नाही तर गुपचूप विमानात बस. इम्तियाजला जायचं नव्हतं. आणि तो गेला असता तर आमच्या खोलीला कुलूपच लागलं असतं, कारण मला आणि नंदूला लोकांशी गोड बोलता येत नाही.

*

चादर मिळाल्यावर नंदू ती भलत्याच हौसेनं पसरायला लागला. मुरुडजवळच्या एका वाचनालयातून फोन आला. "मॅडम, हा नंदू कोण?"

मी म्हटलं, "का हो?"

"कुठलंही पुस्तक शोधायला गेलं, की मशीन म्हणतंय, नंदूच्या चादरीत सापडत नाही!"

झालं होतं असं, की पॅकेज बांधताना चादरीचा पूर्ण पत्ता, नंदूच्या नावासकट, प्रोग्रामच्या पोटात तसाच राहून गेला होता. त्यामुळे प्रोग्राम बिचारा मुरुडात बसून रत्नागिरीच्या नंदूचं फोल्डर शोधत होता. मी माफी मागितली. नवी सीडी पाठवते म्हटलं.

"ते पाठवा हो," गृहस्थ म्हणाले, "पण त्याला सांगा आधी पुस्तकं आणून द्यायला. आमच्या रजिस्टरात त्याचं नावसुद्धा नाय, आणि सगळी पुस्तकं त्याच्याकडे!"

*

गुहागर तालुक्यातल्या वाचनालयाची तऱ्हा वेगळी. प्रत्येक फाइल इन्स्टॉल करताना ती कुणी वाचायची, कुणी बदलायची, हे सांगावं लागतं. नंदूनं सुरक्षितता म्हणून सगळ्या फायली फक्त 'रूट'ला वाचता येतील अशा केल्या. रूट म्हणजे मशीनचा मालक. त्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, तोच खरा.

त्या वाचनालयाचे अध्यक्ष नामांकित वकील. मशीन बसवलं तेव्हा ते म्हणाले होते, "एवढा लांबलचक पासवर्ड कोण लक्षात ठेवील? बाळू, तू ठेव." बाळूकाका म्हणजे तिथले शिपाई. झालं! रोज सकाळी बाळूकाका येऊन बोटं चालवणार, तेव्हा वाचनालय सुरू होणार. तोवर अध्यक्ष दारात उभे.

चूक कळल्यावर मी स्वतः वकीलसाहेबांना फोन केला. म्हटलं, नवं पॅकेज पाठवतेय, आता कुणालाही उघडता येईल.

"राहू दे हो," ते घाईघाईनं म्हणाले. "वीस वर्षांत पहिल्यांदा बाळू वेळेवर येतोय!"

*

आता नंदूचा तो प्रसिद्ध किस्सा. पॅकेज बांधून झालं की चादर झटकायची, म्हणजे ते तात्पुरतं फोल्डर पुसून टाकायचं, असा हुकूम शेवटी दिलेला असतो. समितीची सभा आठ दिवसांवर होती. नंदू घाईत होता, त्यात रूट होऊन बसलेला. चादरीच्या पत्त्यात त्यानं नुसती एक तिरकी रेघ ठेवली. लिनक्समध्ये नुसती तिरकी रेघ म्हणजे अख्खं मशीन!

पॅकेज बांधायच्या आधीही चादर एकदा झटकून घ्यायची, अशी नंदूचीच शिस्त. मशीननं आज्ञाधारकपणे झटकली.

बऱ्याच वेळानं नंदू म्हणाला, "ताई, आज साफसफाईला जरा जास्तच वेळ लागतोय."

त्यानंतर मी नंदूला जे बोलले, ते ऐकायला खालच्या शिंप्यानं मशीन थांबवलं होतं. माझा तीन वर्षांचा प्रोग्राम गेला होता. बॅकअप होता, पण तो त्याच मशीनवर दुसऱ्या फोल्डरात, हे सांगताना मला आजही लाज वाटते. नंदू रडकुंडीला आला. मीही आले होते, पण ओरडत असल्यामुळे कळलं नाही.

इम्तियाजनं मात्र फोन उचलला आणि गुहागरला लावला. आमच्या पॅकेजमध्ये मूळ प्रोग्राम जसाच्या तसा जायचा, आणि त्यांच्याकडची सीडी सगळ्यात नवी होती. बाळूकाकांनी ती दुपारच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिली. "त्याला सांगितलंय," ते फोनवर म्हणाले, "सीटवर ठेवू नको, मांडीवर घेऊन बस."

संध्याकाळी स्टँडवर सीडी मिळाली. सोबत फणसपोळीचा पुडा होता आणि निरोप, "पोराला जास्त ओरडू नका." मी नंदूला अर्धी फणसपोळी दिली.

*

सभा रत्नागिरीतल्याच एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. समितीचे अध्यक्ष करमरकर सर, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी कोरं मशीन मांडून ठेवलं होतं. "तुमच्या मशीनवर चालतं हे तुम्हाला ठाऊक," ते म्हणाले. "आमच्या मशीनवर चालवा."

शेवटच्या रांगेत अब्बा येऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, आणि खिशातून इम्तियाजच्या पासपोर्टचा कोपरा दिसत होता.

इम्तियाजनं पॅकेज सोडलं. फायली जागेवर बसल्या. प्रोग्राम उघडला, पुस्तक सापडलं, कुठे नंदूचं नाव नाही!

"छान," सर म्हणाले. "आता काढा."

"काढा म्हणजे?"

"उद्या आम्हाला नाही पटलं, तर तुमचा पसारा आम्ही आवरायचा काय? काढून दाखवा."

हे आम्ही एकदाही करून बघितलं नव्हतं. नंदूनं डोळे मिटून घेतले. इम्तियाजनं एक ओळ टाइप केली. आपल्या कुठल्या फायली कुठे बसल्यात याची यादी मशीनकडे असते, तिच्याबरहुकूम एकेक फाइल निघाली. सरांनी एकेक फोल्डर उघडायला लावलं. आमचा मागमूस नव्हता.

सरांनी चष्मा काढून पुसला. "जाताना अंथरुणाची घडी घालून जातो, त्या पाहुण्याला ठेवून घ्यायला हरकत नाही. बसवा परत. आमच्या सगळ्या वाचनालयांत बसवा."

नंदूनं डोळे उघडले. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आनंदानं.

"आता पहिला सभासद घाला बघू," सर म्हणाले. "कुणाचं नाव घालता?"

समितीतले सगळे एकमेकांना "तुमचं घाला, तुमचं घाला" करत राहिले. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अब्बा उभे राहिले होते.

"इम्तियाज मुकादम लिवा."

इम्तियाजची बोटं कीबोर्डवर थांबली. त्यानं मागे वळून बघितलं नाही. हळूहळू स्वतःचं नाव टाइप केलं. पुढचा रकाना उघडला आणि सरांनी तो मोठ्यानं वाचला, "सभासदत्व: वार्षिक की आजीव?"

अब्बांनी खिशातला पासपोर्ट बोटानं आत ढकलला आणि खिशाचं बटण लावलं.

"आजीव," ते म्हणाले.