काकूंनी पाहिलेला प्रयोग

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी वसुधाकाकूंना नाटकाला घेऊन गेलो होतो. नाटक म्हणजे एकपात्री प्रयोग... एका मोठ्या लेखकाच्या आयुष्यावरचा. आणि ते लेखक म्हणजे काकूंचे सख्खे वडील.

लेखकांचं आणि नटाचं नाव लिहीत नाही. काकूंचंही खरं नाव हे नाही. "लिही, पण नावं नकोत," असं त्यांनी बजावलंय.

काकू नाशिक रोडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. शाळेत गणित शिकवायच्या, आता रिटायर्ड आणि एकट्या. त्यांचे वडील कोण होते हे मला फार उशिरा कळलं, तेही वाचनालयातल्या एका ओळखीच्या माणसाकडून.

हा प्रयोग तीसेक वर्षं चालू आहे, एकच नट करतोय. चाळिशीत सुरू केला, आता ते पंचाहत्तरीच्या आसपास असतील. नाशिकला प्रयोग लागला की काकूंना त्यांचा निरोप यायचाच. काकू दर वेळी काहीतरी कारण सांगायच्या... गुडघा, पाहुणे, सर्दी.

या वेळी त्या नटाने स्वतः फोन केला. म्हणाले, आता थांबावं म्हणतोय, लोकांना वय दिसायला लागलंय. तुम्ही एकदा बघून सांगितलंत तर बरं होईल.

काकूंनी मला विचारलं, "रविवारी गाडी काढशील का रे?"

मी म्हटलं, या वेळी कसं काय?

"किती वर्षं नाही म्हणायचं त्या माणसाला..."

मला नाटकाचं वेड नाही. अंबडला कंपनीत सहा दिवस काम, रविवारी दुपारी झोप, हा माझा कार्यक्रम. पण काकू सहसा काही मागत नाहीत, म्हणून निघालो. द्वारका चौकात नेहमीप्रमाणे ट्रॅफिकमध्ये अडकलो. 

हॉल अर्धाच भरला होता. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. काळेभोर केस, जाड फ्रेमचा चष्मा, बंद गळ्याचा कोट... पुस्तकांच्या मागे छापलेला असतो तो फोटोच उभा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रयोग चांगला चालला होता. हसायच्या जागी लोक हसत होते. फक्त एकदा खाली पडलेला कागद उचलून उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला, तेव्हा हॉलमध्ये जराशी चुळबुळ झाली.

मी काकूंकडे पाहिलं. परीक्षेला सुपरव्हिजन करावं तशा बसल्या होत्या. हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. मध्यंतरात चहा घेताना विचारलं, कसं वाटतंय? म्हणाल्या, "पाठांतर चांगलं आहे."

संपल्यावर मला वाटलं थेट घरी. पण काकू म्हणाल्या, "भेटून जाऊ. आलो आणि न भेटता गेलो तर वाईट दिसेल."

मेकअप रूमचं दार उघडंच होतं. ते आरशासमोर बसले होते. विग काढून टेबलावर ठेवलेला, अर्धा चेहरा पुसलेला, पांढरे विरळ केस घामाने डोक्याला चिकटलेले. कोट आणि चष्मा मात्र तसाच. बूट काढायला वाकले होते आणि हात पोचत नव्हता. आमची चाहूल लागली तसं त्यांनी तिथूनच चष्म्याच्या वरून पाहिलं.

काकूंनी दाराची चौकट धरली. मला वाटलं चक्कर आली.

"या, या, बसा," म्हणत ते घाईघाईने विग उचलायला लागले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "तो घालू नका."

मग त्या समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या.  काकू कॉलेजात असतानाच त्यांचे वडील गेले, जेमतेम पन्नाशीचे होते. हे मला ऐकून माहीत होतं.

"स्टेजवर होते ते फोटोतले बाबा," काकू म्हणाल्या. "ते मला पाठ आहेत. म्हातारे झालेले बाबा मी कधी बघितलेच नव्हते हो... ते आत्ता बघितले."

त्यांनी विग परत टेबलावर ठेवला.  काकू मला म्हणाल्या, "त्यांचे बूट काढून दे रे." मी दिले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग... थांबू की नको?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बाबा घरी एवढे बोलत नसत. संध्याकाळी नुसते बसून असायचे."

ते एकदम पुढे सरकले. "कसे बसायचे?"

काकूंनी बसून दाखवलं. त्यांनी तसं करून पाहिलं. "अंहं, हात मांडीखाली. आणि मान अजून खाली," काकू शिकवत होत्या. दोन म्हातारी माणसं समोरासमोर गप्प बसायची तालीम करत होती, आणि मी भिंतीला टेकून बघत होतो. बाहेर हॉलवाले दिवे बंद करायला खोळंबले होते.

परवा काकूंना त्यांचा फोन आला. प्रयोग चालू ठेवतायत. आता विग नाही, आणि सुरुवातीला काही वेळ नुसते बसणार आहेत. मी विचारलं, पुन्हा जायचं का बघायला? "नाही रे," काकू म्हणाल्या, "मला दिसायचं ते दिसलं."

माझे वडील इगतपुरीला असतात, रेल्वेतून रिटायर झालेत. काल सहज जाऊन आलो. पाठ बरीच वाकलीय त्यांची, ऐकूही कमी येतं, एकच गोष्ट तीनदा सांगतात... मला हे सगळं बघायला मिळतंय, एवढंच म्हणायचं होतं.