पश्चिमेची काच

दुपारचे दोन. मे महिना, आणि गाव चंद्रपूरकडचं, म्हणजे ऊन किती ते सांगायलाच नको. मुलींच्या नव्या वसतिगृहात, दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत वैजयंती पुसदकर चटई टाकून आडवी झाली आहे. पंखा नाही, कूलर नाही. बाई चांगली पन्नाशीची, आर्किटेक्ट, हाताखाली अकरा माणसं, आणि हा काय हट्ट? हट्ट तिचा नाही, देशकर सरांचा. घर बांधणाऱ्यानं वैशाखातली एक दुपार त्या घरात पंख्याविना झोपून काढायची, मगच ते लोकांच्या हाती द्यायचं, असा त्यांचा नियम. सरांनी चाळीस वर्षं माती-चुन्याची गार घरं बांधली, पोरं शिकवली, आणि दोन वर्षांपूर्वी गेले. आज चार वाजता संस्थेचे सचिव गावंडे कागद आणणार आहेत. इमारत राहण्यास योग्य आहे असा कागद, खाली सही वैजयंतीची. त्याआधी नियम पाळून घ्यावा म्हणून ती पडली आहे.

डोळा लागतो न लागतो, तोच कोणीतरी चटईचं टोक ओढतं.

"सरक गं."

सर. अंगात तीच बंडी, पावलं मातीनं माखलेली. मेलेलं माणूस बघून घाबरायला हवं, पण वैजयंतीला आधी लाज वाटते. ती सरकते.

"लागली झोप?"

"लागतेय, सर."

"खोटं नको बोलू. पाठ भिजली तुझी."

ती उठून बसते तर सरांच्या घरामागचं अंगण आहे. ती बावीस वर्षांची, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून चिखल तुडवते आहे. सर विचारतात, "पश्चिम कुठे?" प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी विचारायचे तसंच. ती बोट दाखवते. बोट जाईल तिथं अंगणाला कुंपण नाही, जमिनीपासून वरपर्यंत काच आहे. ऊन सरळ आत येतंय.

"ही कोणी लावली?"

"संस्थेला रस्त्यावरून झोकदार दिसायला हवं होतं. मी तिथे विटांची जाळी आखली होती, सर. नकाशात आहे अजून."

"मग नकाशात झोपणार का पोट्ट्या?"

आता मात्र वैजयंतीचं डोकं फिरतं. "मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा आणला असता. पुढची दोन वसतिगृहंही गेली असती. तुमचं काय! तुम्ही नाही नाही म्हणत बसलात आणि शेवटची सहा वर्षं तुमच्याकडे कुत्रं फिरकलं नाही. चोवीस जण घडवलेत ना? आज मातीची घरं कोण बांधतंय, सांगा. एक नाही! उपाशी राहायला शिकवलंत तुम्ही आम्हाला."

बोलून जाते आणि जीभ चावते. कॉलेजचं सभागृह आहे, एसी इतका की चोवीसही जण स्वेटर घालून बसलेत. सर समोर उभे आहेत, मान वर करून कोणी बघत नाही. ते किती बारीक दिसतात.

"खरं आहे तुझं," सर म्हणतात. "बाकीचे तेवीस गेले, त्याचं मला काही वाटलं नाही. तू गेलीस तेव्हा जेवण गेलं नाही."

"मी कुठे गेले? नियम पाळतेय ना अजून!"

सर हसतात. चांगलं नाही हसत. "अगं, ही झोप कधी घ्यायची? भिंती उभ्या झाल्या, चौकटी बसायच्या राहिल्या, तेव्हा. चुकलं तर बुजवता यावं म्हणून. तू किल्ल्या द्यायच्या दिवशी झोपतेस. ही माझी पूजा झाली. माझी पूजा काहून मांडतेस बाप्पा?"

मागच्या मे महिन्यात चौकटी बसायच्या होत्या. तेव्हा वैजयंती झोपायला आली नाही. काय कळेल ते माहीत होतं, म्हणूनच आली नाही.

"आणि दारावर माझं नाव लावलंस म्हणे?"

"मीच सुचवलं गावंड्यांना."

"काढ ते."

"दगडात कोरलंय, सर."

"म्हणजे भाजणार एकशे वीस पोट्ट्या, आणि शिव्या मला!"

पुन्हा तीच रिकामी खोली. तिचा उजवा हात काचेच्या चौकटीवर दाबलेला, आणि चटका मेंदूपर्यंत जातोय.

"सोडा ना सर, भाजतंय!"

"मी कुठे धरलाय?" सर लांबून म्हणतात. "तूच लावलास."

"मॅडम... ओ मॅडम!"

गावंडे दारात उभे, रुमालानं मान पुसताहेत. "इथं कुठं झोपलात? खाली ऑफिसात एसी आहे की!"

वैजयंती चटईवरून घरंगळत पार काचेपाशी आली आहे. हात ॲल्युमिनियमच्या चौकटीवर. उचलून बघते तर तळव्याला आडवा फोड, चौकटीच्या रुंदीएवढा. हा हात नुसता गावंड्यांपुढे धरला तरी पुरेल, दुसरं काही सांगायची गरज नाही. गावंडे कागद पुढे करतात. तीही हात पुढे करते, पण मूठ मिटून, फोड आत लपवून.

पेन धरताना ते नेमकं फोडावर टेकतं. सही वाकडीतिकडी उमटते.

गावंडे कागद निरखतात. "ही नाही चालायची, मॅडम. नमुन्याशी जुळत नाही. दुसरी प्रत आणलीय मी, परत करा. जरा नीट."

दात आवळून ती परत करते. या वेळी जुळते.