अंगठा वर करा

माझे वडील सरकारी इस्पितळाच्या हाडांच्या विभागात प्लास्टर घालायचे. डॉक्टर हाड बसवून हात धुवायला गेले की पुढचं सगळं बाबांचं. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना प्लास्टरमामा म्हणत. शिक्षण शाळेपुरतं, पण हात असा की त्यांनी घातलेलं प्लास्टर अंड्याच्या कवचासारखं गुळगुळीत उतरायचं. नखांच्या कडांतली पांढरी भुकटी सुट्टीच्या दिवशीही निघायची नाही. आई म्हणायची, "यांच्या शर्टाला इस्त्री कशाला, तो आपला आपण उभा राहतो."

त्यांच्याकडून जी चूक झाली ती मला फार नंतर कळली. पण आधी तीच सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा टळेल.

मी सहा वर्षांची होते, बाबा छत्तिशीत. दुकानांच्या पाट्या रंगवणारी एक बाई शिडीवरून पडून आली होती. नडगीचं हाड मोडलं होतं, कातडी मात्र कुठे फाटली नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी हाड जागेवर बसवलं. बाबांनी प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात बुडवण्याआधी, प्रत्येकाला सांगायचे तसं तिला सांगितलं, "अंगठा वर करा." तिने दात आवळून पायाचा अंगठा वर केला. "शाबास," बाबा म्हणाले, आणि मांडीपासून बोटांपर्यंत पाय बंद केला. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

दीडला वॉर्डातून निरोप आला, बाई म्हणतेय आवळतंय. बाबा गेले. प्लास्टरबाहेर आलेल्या बोटांची नखं दाबून पाहिली. पांढरी झाली, परत गुलाबी झाली. बोटं गरम होती. "पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आवळतं," असं सांगून ते परतले. तीनला पुन्हा बोलावणं आलं. बाईने चादरीचं टोक तोंडात धरलं होतं. म्हणाली, "मामा, पाय आतून फुटतोय."

बाबांचा स्वभाव थट्टेचा. ते म्हणाले, "ताई, प्लास्टर आवळणारच. सैल असतं तर त्याला पायजमा म्हटलं असतं."

आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट हसले. तिने चादरीचं टोक पुन्हा तोंडात धरलं. चारला बाबांची ड्युटी संपली आणि ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बोटं हलेनात. प्लास्टर कापलं, तिला ऑपरेशनला नेलं, पोटरीच्या दोन्ही बाजूंनी पाय उभा चिरून मोकळा केला. पण नडगीलगतचं मांस राखाडी पडलं होतं. पाऊल कायमचं लोंबकळलं. मोठ्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं की पायाची नस पडतानाच दुखावली होती. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मामा, काळजी करू नका. लिहून झालंय."

नस पडताना दुखावली असती, तर अंगठा वर झालाच नसता. हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, बाबांना आणि त्या बाईला.

घरात आम्हाला एवढंच कळलं की बाबांची थट्टा थांबली. ते चिडत नव्हते, कमी बोलत होते असंही नाही, फक्त हसवायचे बंद झाले. जेवताना त्यांची नजर पाहुण्यांच्या पायांवर जायची. आई वैतागायची. "अहो, ताटाकडे बघा. त्यांच्या पायांना काय धाड भरलीय?"

ती बाई वर्षभर व्यायामासाठी इस्पितळात यायची. पाऊल उचललं जात नसलं की माणूस गुडघा उंच उचलतो, आणि पाऊल पुढे पडतं ते आपटतच. व्हरांड्यातून तसा आवाज आला की बाबा प्लास्टरच्या खोलीतला नळ मोठा सोडून मोरीशी उभे राहायचे. पुढे ती यायची थांबली. आवाज थांबला नाही. आमच्या घरात खिडकीचा पडदा वाऱ्याने चौकटीवर आपटला तरी बाबा हातातलं काम टाकून दारापर्यंत जायचे. "कोणी आलं होतं?" "कोणी नाही हो." मग दार लावून तिथेच थोडा वेळ उभे राहायचे, कडीवर हात ठेवून. लहानपणी मला वाटायचं, आमच्याकडे कोणीतरी यायचं आहे आणि बाबा त्याला घाबरतात. घरात एकटी असले की मीही दाराकडे पाठ करून बसायची नाही.

मी अकरा वर्षांची असताना माझा घोटा मुरगळला. आईने पट्टी बांधली. बाबा कामावरून आले, त्यांनी ती पट्टी पाहिली, आणि कात्रीने वरपासून खालपर्यंत कापून टाकली. मग माझ्या पायाशी बसले. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात कापसाचा बोळा फिरवून विचारू लागले, "इथे कळतंय?"

"कळतंय."

पाच मिनिटांनी पुन्हा. "आता?"

संध्याकाळपर्यंत हे चाललं. शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "बाबा, कळतंय म्हटलं ना." ते उठले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

बेचक्यातली ती तपासणी त्यांना शरीररचनेच्या बाईंनी शिकवली होती. इस्पितळाला लागून वैद्यकीय कॉलेज होतं, तिथे या बाई विद्यार्थ्यांना देहाची चिरफाड करून आतली रचना शिकवायच्या. चुकीनंतर तीन-चार महिन्यांनी बाबा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "एकच विचारायचंय. बोटं गरम होती, गुलाबी होती. मग आत काय झालं?"

बाईंनी त्यांना कोणाचा पाय, कधीचा, काही विचारलं नाही. टेबलावरच्या एका पायाचं फडकं बाजूला केलं. बाबांनी पुढे हे सगळं मला इतक्यांदा सांगितलं की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. मांडीत स्नायूंचे तीन कप्पे, गुडघ्याखाली चार. कप्प्यांच्या भिंती चिवट पडद्याच्या, ताडपत्रीसारख्या, त्या ताणत नाहीत. प्रत्येक कप्प्याचं काम वेगळं आणि त्याला हुकूम देणारी नस ठरलेली. मांडीचा पुढचा कप्पा गुडघा सरळ करतो, त्याची नस जांघेतून येते. आतल्या बाजूचा कप्पा मांड्या जवळ घेतो, त्याची वेगळी. मागच्या कप्प्यातून बोटाएवढी जाड नस कुल्ल्यापासून खाली उतरते आणि गुडघ्याच्या मागे पोचेपर्यंत दुभंगते. एक फाटा पोटरीच्या दोन्ही मागच्या कप्प्यांना जातो, चवड्यावर उभं राहायचं ते त्याच्या जोरावर. दुसरा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्याला वळसा घालून येतो. त्याची एक शाखा बाहेरच्या कप्प्याला, दुसरी नडगीलगतच्या पुढच्या कप्प्याला. पाऊल वर उचलायचं, अंगठा वर करायचा, ते या पुढच्या कप्प्याचं काम. आणि तीच नस शेवटी अंगठ्याशेजारच्या बेचक्यात कातडीला स्पर्श कळवते.

"हाड मोडलं की आत सूज येते," बाई म्हणाल्या. "भिंती ताणत नाहीत, वरून प्लास्टरही ताणत नाही. जागा संपली की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू गुदमरतो, नसही गुदमरते. मोठी रक्तवाहिनी वाहतच असते. म्हणून बोटं गुलाबी दिसतात."

"मग बाहेरून कळायचं कसं?"

बाईंना प्रश्नच कळला नसावा. त्या म्हणाल्या, "कसं म्हणजे? पेशंट सांगतो की. दुखतंय म्हणतो. औषध दिलं तरी दुखतंय म्हणतो. अंगठा खाली वाकवला की जास्तच ओरडतो."

बाबा पुढे कित्येक महिने दर गुरुवारी तिथे जात राहिले. नवीन काही शिकायचं उरलं नव्हतं, तरी जात.

त्यानंतर त्यांनी ताज्या मोडीवरचं एकही प्लास्टर बंद ठेवलं नाही. वाळलं की करवतीने उभी चीर पाडायचे, वर कापूस आणि सैल पट्टी. शिकाऊ डॉक्टर हसायचे, "मामा प्लास्टर घालतात की फणस सोलतात?" मामा हसत नसत. कोणाचं दुखणं वाढलं की ड्युटी संपली तरी घरी येत नसत.

मी पंचवीस वर्षांची झाले तेव्हा एक प्रकार घडला. बाबा रजेवर असताना एका सुताराच्या पायाला दुसऱ्याने बंद प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कामावर आले तर तो कण्हत होता. तरुण डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शन दिलंय, हाड नीट बसलंय, हात लावू नका. बाबांनी त्या सुताराचा अंगठा हलकेच खाली वाकवला. त्याचा चेहरा पाहिला. मग करवत घेतली आणि सगळ्या वॉर्डासमोर प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरून फाकवलं. हाड जरा सरकलं, पुन्हा बसवावं लागलं. पाय वाचला. बाबांना हुकूम मोडल्याबद्दल नोटीस आली. तिला त्यांनी एका ओळीचं उत्तर दिलं, "पेशंट दुखतंय म्हणाला."

सुतार आपल्या पायांनी चालत घरी गेला. मला वाटलं आता बाबांना बरं वाटेल. झालं उलटंच. त्यांचं जेवण तुटलं. एका दुपारी मी पाणी द्यायला गेले तर हाताचे तळवे बघत बसले होते. म्हणाले, "पाच मिनिटांचं काम होतं गं. करवत तेव्हाही भिंतीला टांगलेलीच होती." आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं, पायजम्यासकट.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं त्या पाट्या रंगवणाऱ्या बाईकडे गेलो. पत्ता जुन्या कागदांतून त्यांनी कधीच काढून ठेवला होता. तळमजल्यावर तिची खोली होती, टर्पेंटाइनचा वास, घोडीवर आडवी ठेवलेली पाटी, अर्धी अक्षरं रंगवलेली. आता शिडीवर दुसरे चढायचे, ती खाली बसून अक्षरं काढायची. वय पन्नाशीच्या आसपास. आम्हाला खुर्ची द्यायला ती उठून चार पावलं चालली. बाबा जमिनीकडे बघत उभे होते. मी त्यांचा दंड धरला.

तिने निरखून पाहिलं. "पायजमावाले मामा ना तुम्ही?"

"हो." बाबा बसले नाहीत. "ताई, तुमची नस पडताना दुखावली नव्हती. प्लास्टरच्या आधी तुम्ही अंगठा वर केला होता. मी पाहिला होता."

तिने ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवला. "तुम्ही शाबास म्हणाला होतात."

"हो."

"मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, धक्क्यात माणसाला असं वाटतं. घरी सांगितलं, घरचे म्हणाले मोठ्या डॉक्टरांना तुझ्याहून जास्त कळतं. एकोणीस वर्षं झाली. मलाच वाटायला लागलं होतं की मी ते मनाने रचलं." ती थांबली. "डॉक्टर बोलत होते तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

"होतो."

"बोलला नाहीत."

"नाही."

मग ती म्हणाली, "माफ वगैरे करणं मला जमणार नाही. लिहून द्या."

बाबांनी तिच्या पाट्यांच्या हिशेबाच्या वहीतलं कोरं पान मागितलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं. अंगठा वर झाला होता, प्लास्टर बंद होतं, मी उघडलं नाही. खाली सही. साक्षीदार म्हणून मी सही केली. तिने दोनदा वाचलं आणि कागद परत पुढे केला. "दुखतंय असं मी दोनदा सांगितलं, ते राहिलं." बाबांनी ते लिहिलं.

कागद तिने इस्पितळात दिला. चौकशी झाली. मोठे डॉक्टर वारून बरीच वर्षं झाली होती. बाबांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं. तिच्या केसपेपरला शिक्का मारलेली दुरुस्ती जोडली गेली आणि तिची प्रत तिला मिळाली. बाबांना प्लास्टरच्या खोलीतून काढून चादरींच्या गोदामात बसवलं. जुने सोबती बोलेनासे झाले. एकाने आईला रस्त्यात गाठून विचारलं, "वहिनी, पुरलेलं मढं उकरायची काय गरज होती?" आई म्हणाली, "ते मेलेलं नव्हतं. आमच्या घरात राहत होतं."

गोदामात त्यांनी तीन वर्षं काढली. निवृत्त झाले त्या दिवशी निरोप समारंभ झाला नाही. मंगळवार होता. दुपारी दोनला घरी आले, हात धुतले, चहा घेतला आणि आडवे झाले. खिडकीचा पडदा चौकटीवर आपटत राहिला, तरी दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत उठलेच नाहीत. श्वास चाललाय ना हे बघायला आई दोनदा त्यांच्या नाकाशी हात धरून आली.