यादीत नसलेलं पाकीट

व्हर्ना टटल बावीस वर्षं अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या सरकारी प्रयोगशाळेत नशेची पाकिटं तपासत होती. कृत्रिम गांजावर बंदी आली तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. पण बनवणारे रसायनात जरासा फेरफार करत आणि नवं पाकीट बंदी असलेल्या रसायनांच्या यादीतून निसटे.

पेट्रोल पंपावरच्या दुकानातून घेतलेलं असंच एक पाकीट ओढून खाटीकखान्यातला एक कामगार बेशुद्ध पडला. शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, माणूस डुएन त्या पाकिटाचा अहवाल न्यायला आला.

"हे यादीत नाही, डुएन."

"म्हणजे त्या पंपवाल्याला सोडू? थट्टा करतेस का गं?"

"सोडावंच लागेल."

"त्याच्याकडे अजून अकरा खोकी आहेत, व्हर्ना."

तिने अहवालावर सही केली. सोमवारी तिच्या टेबलावर तसलीच चार पाकिटं आली, आणि सोबत एका मृताचं रक्त.