बेहड्याची ढोली

बुधीबाई वरठा यांचं नाव आधी लिहितो. त्या नसत्या तर पुढचं काही घडलंच नसतं आणि माझी नोकरीही बहुतेक गेली असती.

मनोरच्या रानात तेव्हा आमच्या वनखात्याचा कूप सुटला होता. कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला काढलेला रानाचा तुकडा. तोडायच्या झाडांवर शिक्क्याचा हातोडा मारतात, मग लिलाव होतो. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं होतं, बोईसरला माणसं येत होती, लाकडाला गिऱ्हाईक होतं. मी टेंपररी गार्ड. सातवीत शाळा सुटली, गाव लातूरकडचं. इथलं पाणी, भात, बोली, सगळंच नवीन. काही चुकेल या धास्तीत मी दिवस काढायचो.

कुपाच्या मधोमध एक उंच बेहडा होता, आतून पोकळ. पोकळ झाडावर आधी शिक्का पडतो, कारण त्याची फळी निघत नाही, सरपणच होतं. मी तिथून जाताना बुंध्याशी वडा-उंबराच्या बियांचा सडा दिसला. वर पाहिलं तर ढोलीचं तोंड लिंपलेलं, फक्त एक फट. तेवढ्यात धनेश आला. मोठी पिवळी चोच, वर शिंगासारखा उंचवटा. घशातून एकेक फळ काढून तो फटीतून आत देऊ लागला.

मी रेंजरसाहेबांकडे गेलो.

"साहेब, बेहड्यात धनेशाची मादी बसलीय."

"माहीत आहे मला. आत बसली की तोंड लिंपून घेते, पिसं गाळते, उडता येत नाही. नर भरवेल तेवढंच खाते."

"मग झाड पाडलं तर?"

"तर मरेल. पण झाड लिलावात गेलंय, आता ते ठेकेदाराचं. तू टेंपररी आहेस ना?"

"हो साहेब."

"मग विकलेल्या झाडाला आडवा जाऊ नकोस."

परत येताना बुधीबाई भेटल्या. त्यांचा नवरा तोडणीच्या टोळीचा नाईक होता, पण टोळीची खोप, म्हणजे राहायची झोपडी, कुठे पडायची ते त्या ठरवत. मी त्यांना मावशी म्हणायचो. तोंड पडलेलं बघून त्यांनीच विचारलं. मी सांगितलं.

"एवढाच ना? आमी खोप त्या झाडाखाली टाकतो."

"त्यानं काय होईल?"

"खोपीवरचा झाड कोण तोडतो का? तो शेवटाला. खोप उठली का मग."

टोळीचा हा रिवाज ठेकेदारालाही ठाऊक होता. सावलीचं झाड शेवटी तोडायचं, यात कुणाचं काही जात नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बेहड्याखाली कुडाची खोप उभी राहिली. बुंध्याशी चूल, खालच्या फांदीला बाळाची झोळी. मी निवांत झोपलो.

सकाळी नर आला. चोचीत उंबर होतं. लांबच्या सागावर बसला, खाली बघत राहिला, आणि फळ घेऊन तसाच गेला. दुपारीही तेच. चुलीचा धूर सरळ ढोलीपाशी जात होता. कुऱ्हाडीपासून वाचवायला आम्ही माणसं आणली, आणि माणसांमुळे आतली उपाशी राहिली. मी बुधीबाईंकडे धावलो.

"मावशी, खोप हलवा. नाहीतर ती आत मरेल."

"खोप हालवली का कुऱ्हाड येल."

"मग?"

बुधीबाईंनी वर धुराकडे पाहिलं. "खोप राहू दे. आमी जातो."

त्यांनी चूल विझवली आणि मडकी, पोरं, कोंबड्या घेऊन सगळे खालच्या ओहोळावर गेले. बायका कुरकुरल्या. एक म्हणाली, "गार्डाची सासू हाय का ती, एवढा मान द्यायला?" सगळ्या हसल्या, पण गेल्या. दिवसभर तोडून आल्यावर उघड्यावर, दगडांत झोपायचं, हे सोपं नव्हतं.

बेहड्याखाली रिकामी खोप आणि रिकामी झोळी. दुसऱ्या दिवशी नर सागावर बराच वेळ बसला. मग बेहड्यावर उतरला.

मधे रेंजरसाहेब फेरीला आले. खोपीत डोकावले.

"माणसं कुठायत?"

बुधीबाईच म्हणाल्या, "पाण्यावर."

"मग ही खोप कसली?"

"घर हाय साहेब. कोण नसला तरी घर घरच असतो."

साहेबांनी वर ढोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "खोप उठली की तोडा," म्हणाले आणि पुढे गेले.

पावसाळ्याआधी कूप बंद होतो. बाकी सगळं तोडून झालं तेव्हा ढोलीचं लिंपण फुटलं. आधी मादी बाहेर आली, पुढे काही दिवसांनी पिल्लू. ते फांदीवर धडपडलं, पडतंय असं वाटलं, मग उडालं. बुधीबाईंनी खोप सोडली. त्याच दुपारी बेहडा पडला. ठरलं होतं तसंच.

पुढच्या वर्षी जोडी परत आली. धनेश त्याच ढोलीत पुन्हा बसतात, हे मला तेव्हा कळलं. बेहड्याच्या खुंटाभोवती घिरट्या घातल्या, चार-पाच सकाळी आली, मग आली नाहीत. त्या उतारावर दुसरं पोकळ झाड नव्हतं. आम्हीच आधी शिक्का मारून सगळी संपवली होती. पक्षी राखायचा तर पोकळ झाड राखावं लागतं. एका वर्षाची मुदत मिळवून भागत नाही.

बुधीबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मंग पुढच्या टायमाला घर राख."

आता मी परमनंट झालोय. हातोडा अजून साहेबांच्या हातात असतो, मी मागून झाडांवर नंबर घालायच्या डांबराची बादली घेऊन चालतो. पण एक दिवस तो माझ्या हातात येईल. त्या दिवशी पहिलं पोकळ झाड मी शिक्क्याशिवाय सोडीन, आणि मावशींना तिथे बोलावून दाखवीन.