खुर्चीला दिलेली मुलाखत

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातला मोठा म्हणाला, "आजी, तुला नाही समजायचं ते." त्याची नोकरी गेली आहे आणि तो पुन्हा कंपन्यांच्या मुलाखती देतो आहे, एवढं तुमच्या आईकडून मला कळलं होतं. एकाच कंपनीच्या फेऱ्यांवर फेऱ्या, दर फेरीला नवा माणूस, आणि शेवटी दोन ओळींचा नकार. त्याचा आवाज इतका दमलेला होता की मी वाद घातला नाही. पण मला समजतं. नांदेडच्या ह्याच घरात, मधल्या खोलीत, मी हे सगळं एकदा ऐकलेलं आहे. फोनवर सलग बोलण्याइतका दम आता मला राहत नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही जिला "हदगावची" म्हणता ती माझ्या भावाची नात. अकरावी-बारावी लातूरला क्लासमध्ये झाली, इंजिनियरिंग इथे नांदेडला. परीक्षा संपल्यावर वसतिगृह सोडावं लागलं आणि गावात नेट टिकत नाही, म्हणून त्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली. तिला सोडायला तिचे वडील, म्हणजे माझा भाचा, आला होता. चहा झाल्यावर चपला घालता घालता तो म्हणाला, "आत्या, तुळशीच्या लग्नापर्यंत. तवर लागली तर लागली नोकरी, न्हाईतर मग आमचं आम्ही बघू."

आमचं म्हणजे काय, ते आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. चाकूरकडचं एक स्थळ दोनदा विचारून गेलं होतं.

तुमच्या आजोबांची नजर तेव्हा काचबिंदूनं जवळजवळ गेली होती. उजेड आणि सावली तेवढी कळायची. घरात आलेल्या माणसांना त्यांच्याशी कसं वागावं ते उमजत नसे. कोणी मोठ्यानं बोले, कोणी नुसतं शेजारी बसून राही. हिला मात्र काही शिकवावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी चहा ठेवताना म्हणाली, "आजोबा, कप उजव्या हाताला ठेवला. कान तुमच्याकडं हाय." मग तेच रोजचं झालं. खिडकी उघडते आहे, समोरच्यांनी गाडी धुवायला काढली आहे, भाजीवाली आली पण मेथी वाळलेली आहे, असं ती हात चालू ठेवून सांगत राहायची. आजोबा तेवढ्यावर दिवस काढायचे.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. मला वाटलं, आपलं काम सोपं आहे. स्वतःबद्दल सांगा, तुमच्यातला एखादा दोष सांगा, सहकाऱ्याशी मतभेद झाला तर काय कराल, असले प्रश्न मी रोज तिला विचारायची आणि उत्तरं नीट करून घ्यायची. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, ह्या प्रश्नाला ती नेहमी अडायची. तुळशीच्या लग्नापलीकडचं आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, तिला तरी कुठून असणार.

मुलाखत असली की कूलर बंद करावा लागायचा, कारण त्याची घरघर माइकमध्ये जाते. नांदेडचा उन्हाळा तुम्ही सुट्टीत पाहिला आहे. ती घामानं निथळत बसायची, मी स्वयंपाकघरात निथळत ऐकायची. बोलण्याची फेरी चांगली व्हायची. मग एखादं गणितासारखं कोडं यायचं आणि खोलीत सामसूम. मला वाटायचं, नेट गेलं. पडद्याआडून बघावं तर ही कीबोर्डवर हात ठेवून स्तब्ध. समोरचा माणूस दोनदा-तीनदा विचारायचा, आहात ना तुम्ही. ती फक्त मान हलवायची.

पहिला नकार आला, दुसरा आला. तिसऱ्यांनी कारण कळवलं : उमेदवार विचार कसा करते ते आम्हाला समजू शकलं नाही.

"पण उत्तर तर बरोबर होतं, आजी," ती म्हणाली. "मी मनात करून राहिले होते ना."

मी तिला म्हटलं, मग मोठ्यानं कर. ते तिला जमेना. लातूरच्या अभ्यासिकेत दोन वर्षं काढलेलं पोर. तिथे नुसते ओठ हलले तरी शेजारची मुलगी तक्रार करायची. मन मिटून गणित सोडवायचं, उत्तराचा गोल काळा करायचा, पुढे जायचं. तिथे ती पहिल्या बाकावर होती ती ह्याच शिस्तीमुळे. आणि घरी वडीलधाऱ्यांसमोर अर्धंमुर्धं बोललेलं चालत नसे, पक्कं झालं की मगच तोंड उघडायचं. आता हे लोक म्हणत होते, अर्धंमुर्धंच बोला. पुढच्या मुलाखतीत तिनं प्रयत्न केला, तर "मी विचार करते आहे, मी विचार करते आहे" एवढंच इंग्रजीतून म्हणत राहिली. तोही नकार. त्या आठवड्यात ती जेवणाशिवाय खोलीबाहेर आली नाही. मीही दमले होते. खरं सांगायचं तर मनात आलं, होऊ दे चाकूरचं एकदाचं.

एका दुपारी आजोबा वेताच्या खुर्चीत बसले होते आणि ती त्यांच्यासमोर लॅपटॉप घेऊन. बराच वेळ तिचा आवाज नाही म्हणून त्यांनी विचारलं, "गेलीस का उठून?"

"न्हाई आजोबा, हितंच हाय. एक कोडं सोडवतेय."

"मग सांग की. मला काय दिसतंय?"

कोडं असं होतं की पुष्कळ गावं, काहींच्या मध्ये रस्ते, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला सगळ्यांत कमी अंतरानं जायचं. तिनं ते एसटीवर आणलं. हदगावहून निघाले आणि चाकूरला जायचंय. आधी नांदेड, मग अहमदपूर, मग चाकूर.

"उमरीवरून का नाही बघितलंस?" आजोबांनी विचारलं.

"उमरी उलट्या अंगाला हाय, आजोबा."

"ते तुला ठाऊक. तुझ्या यंत्राला कुठे ठाऊक?"

ती थांबली, पण ह्या वेळी गप्प झाली नाही. "हाव, हे खरं हाय. मग त्याला उमरीचंबी अंतर मोजू द्यावं लागंल. मोजलं, की कळंल जास्ती भरतंय, मग ती वाट सोडायची. थांबा, आता नांदेडपाशी आलेय, हितून चार फाटे." आणि ती बोलत गेली, कुठे अडली, काय करून बघितलं, ते का फसलं, सगळं. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. माझे हात थांबले. तिला मोठ्यानं विचार करता येत होता. रोज चहाच्या कपापासून ती तेच करत होती. तुमच्या आजोबांपाशी गप्प बसणं म्हणजे उठून जाणं, म्हणून ती त्यांच्यापाशी कधी गप्प बसली नव्हती.

मग रोज दुपारी तेच. आजोबा खोड्या काढायचे, चाकूरलाच का जायचं म्हणायचे, दुसरं गाव नाही का. ती हसायची नाही, पण उत्तर द्यायची.

दिवाळीच्या आधी एका मोठ्या कंपनीची मुलाखत आली. तिनं आजोबांना समोर बसवायचं ठरवलं होतं, पण सुरुवातीलाच कंपनीचे लोक लॅपटॉप फिरवून खोली दाखवा म्हणाले. खोलीत दुसरं कोणी चालत नाही. आजोबा उठून माझ्यापाशी स्वयंपाकघरात आले, खुर्ची तिथेच राहिली. समोरच्यांनी विचारलं, ती रिकामी खुर्ची कशाला? ती म्हणाली, माझ्या आजोबांची आहे. मग तिनं त्या खुर्चीकडे बघून, माझ्या इंग्रजीत आणि आजोबांच्या सवयीनं, सबंध कोडं सांगितलं. आजोबा ओट्याला टेकून ऐकत होते. त्यांना इंग्रजी कळायचं. मध्येच हळूच म्हणाले, "उमरी बघितली तिनं."

त्यानंतर दिवसामागून दिवस, काही नाही. तुळशीचं लग्न उरकलं आणि भाचा आला, दळलेल्या हळदीची पिशवी घेऊन. बॅग भर म्हणाला. मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, बसा. पहिल्यापासून सांगते."

आणि तिनं सांगितलं. किती जागी अर्ज गेला, कुठे कुठवर पोचली, कशानं अडली, आता कुणाच्या उत्तराची वाट आहे, ते नाही आलं तर पुढे काय करणार. काही लपवलं नाही, सजवलं नाही. भाचा आजोबांसारखाच मध्ये मध्ये विचारत गेला. त्याची समजूत अशी होती की पोरगी दर खेपेला नापास होते आहे. शेवटी म्हणाला, "मग हे आम्हाला आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं न्हाई. अन् मी मनातच करून राहिले होते."

त्यानं चहा संपवला. "संक्रांतीपर्यंत थांबतो," म्हणाला, आणि एकटाच एसटी स्टँडकडे गेला.

मोठ्या कंपनीनं पुढे भरतीच थांबवली. पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं तिला संक्रांतीच्या आधी घेतलं. पगार बेताचाच. चाकूरच्या लोकांना तोवर दुसरी मुलगी मिळाली होती. वर्षभरानं आजोबा गेले, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता ती छोटी कंपनीही बंद पडली आणि हदगावची पुन्हा मुलाखती देते आहे, तुमच्यातल्या मोठ्यासारखीच. ती म्हणते, पुण्याच्या खोलीत एक प्लास्टिकची खुर्ची आणून समोर ठेवली आहे. हे थकवणारं काम एकदा करून संपत नाही, असं दिसतं.

इथे वेताची खुर्ची मधल्या खोलीत त्याच जागी आहे. संध्याकाळचा चहा मी तिच्याशेजारी बसून घेते, आणि कप टेकवताना अजून सांगते, उजव्या हाताला ठेवला, कान तुमच्याकडे आहे.